सॅलिसिलिक, बेन्झॉइल की अ‍ॅडापॅलिन?

मुरुमांवरची ट्यूब आणण्याआधी चांगल्या उजेडात आरशासमोर उभे राहा आणि चेहऱ्यावर नेमकं काय आलंय ते बघा. नुसते काळे-पांढरे ठिपके आहेत? लाल, पू धरलेल्या पुटकुळ्या आहेत? की दोन्हीची सरमिसळ? मैत्रिणीला काय लागू पडलं यापेक्षा हे बघणं कामाचं.

वयात येताना अँड्रोजन ही हार्मोन्स वाढतात, त्वचेतल्या तेलग्रंथी जास्त तेल सोडू लागतात. ते तेल आणि मृत पेशी मिळून छिद्र बुजतं, आत जिवाणू वाढतात आणि सूज येते. ब्लॅकहेडचा काळा रंग म्हणजे मळ नव्हे, त्यामुळे कितीही खसाखसा घासलं तरी तो जात नाही, उलट त्वचा चिडते.

सॅलिसिलिक अ‍ॅसिड (०.५ ते २ टक्के) तेलात विरघळतं, म्हणून छिद्रात उतरून बूच सैल करतं. तिघांत सौम्य हेच, पण ताकदही बेताचीच. थोडेसे ठिपके असतील तर पुरे. लाल फोडांवर त्याच्या भरवशावर महिने घालवू नयेत.

तिथे बेन्झॉइल पेरॉक्साइड. ते जिवाणू मारतं आणि जिवाणूंना त्याची सवय होत नाही, जी अँटिबायोटिकची होते. लोक हमखास १० टक्क्यांचं उचलतात, २.५ टक्के जवळजवळ तेवढंच काम करतं आणि त्वचा कमी सोलते. एक खोड मात्र आहे: ते कपड्याचा रंग उडवतं. निळ्या उशीच्या अभ्र्यावर गालाच्या जागी फिकट नारिंगी धब्बा दिसला, की धुणाऱ्याला दोष देऊ नका. अभ्रा आणि टॉवेल पांढरेच ठेवा.

सरमिसळ असेल तर माझा कौल अ‍ॅडापॅलिनला, ०.१ टक्के जेल. ते छिद्र बुजण्यालाच आळा घालतं, म्हणजे पुढची पुटकुळी येण्याआधीच. रात्री, कोरड्या चेहऱ्यावर, वाटाण्याएवढं घेऊन सगळीकडे पातळ पसरायचं; पुटकुळीवर ठिपका देऊन भागत नाही. सुरुवातीला एक रात्र सोडून लावा, वर साधं मॉइश्चरायझर, दिवसा सनस्क्रीन. गरोदरपणात हे टाळतात. पहिले काही आठवडे चेहरा कोरडा पडतो, सोलतो, कधी मुरुमं वाढल्यासारखीही वाटतात. बहुतेक जण इथेच हात टेकतात आणि ट्यूब कपाटात जाते. फरक दिसायला ८ ते १२ आठवडे लागतात.

अ‍ॅडापॅलिन आणि बेन्झॉइल एकत्र चालतात, डॉक्टरही ही जोडी देतात. पण दोन्ही एकाच दिवशी सुरू केलीत तर आग कशाने झाली ते कळणार नाही.

त्वचेखाली दुखऱ्या गाठी असतील किंवा खड्डे पडू लागले असतील, तर या तिघांत घोळत बसू नका. थेट त्वचारोगतज्ज्ञ गाठा. आयसोट्रेटिनोइनसारखी तीव्र मुरुमांवरची गोळी त्यांच्याच देखरेखीखाली घ्यायची असते. आणि झटपट गोरं करणारं, स्टेरॉइड मिसळलेलं क्रीम कुणी सुचवलं, तर ते लावूच नका. त्यानेच नवी मुरुमं येतात.