गाडीचा फॅन थांबत नाही म्हणून कुणी इंजिनचं हेड उघडायला सांगितलं, तर आधी स्कॅनरवरचा आकडा बघा

कोल्हापुरातल्या एका गॅरेजवाल्यानं माझ्या वडिलांकडून २३,४०० रुपये उकळले. तेही न केलेल्या कामाचे. अशीच तक्रार घेऊन कुणी गॅरेजला निघालं असेल तर आधी हे वाचा.

पेट्रोल गाडी. सकाळी गार इंजिन चालू केलं की लगेच रेडिएटरचा फॅन सुरू. चेक इंजिनचा दिवा लागलेला, अ‍ॅव्हरेज पडलेलं. गॅरेजवाल्यानं तोच फिरणारा फॅन दाखवला. "काका, इंजिन तापतंय, हेड गॅस्केट गेलंय. असंच चालवलं तर इंजिन जाम होईल." हेड म्हणजे इंजिनचा वरचा भाग, आणि गॅस्केट म्हणजे त्याच्याखालचं सील. बाबा घाबरले. कोणीही घाबरेल. गाडी मिळाली तेव्हा दिवा विझलेला होता आणि बिलात हेड फेसिंग (हेड घासून सपाट करणं), गॅस्केट सेट, नवा कूलंट सेन्सर (इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचं तापमान मोजणारा). आठवडा व्हायच्या आत दिवा परत लागला.

मग उद्यमनगरात वायरिंगचं काम करणाऱ्या एका मामांकडे गाडी नेली. गाडीचा बिघाड वाचणाऱ्या स्कॅनरवर कोड पी०११८, कूलंटचं तापमान उणे ४० अंश. "हे तापमान नाही भावा, सर्किट तुटलंय," मामा म्हणाले. इंजिन तापेल तसा कूलंट सेन्सरचा रेझिस्टन्स (विजेला होणारा विरोध) उतरतो. तार तुटली की तो अमाप दिसतो, म्हणून वाचन थेट उणे ४० वर जातं. सेन्सरचा भरवसा राहिला नाही की बहुतेक गाड्यांत ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, इंजिन वाचवायला फॅन सतत फिरवतो. फॅन फिरतोय म्हणजे इंजिन तापलंय, असं अजिबात नाही.

मामांनी सेन्सरचा कनेक्टर काढून दोन्ही पिना तारेनं जोडल्या. वायरिंग ठीक असती तर आकडा शंभराच्या बराच वर उडाला असता. तो उणे ४० वरच राहिला. क्लिपच्या मागं, इन्सुलेशनच्या आत तार तुटली होती. बिलातला 'नवा' सेन्सर बाहेर काढला तर पिनांवर हिरवट गंज. तरी तो चांगलाच होता: गार असताना अडीच हजार ओहमच्या आसपास, गरम पाण्यात धरल्यावर तीनशेच्या जवळ. तारेचा तुकडा सोल्डर करून जोडला, काम संपलं. खर्च ३५० रुपये.

आणि हेड? टॅपेट कव्हर, म्हणजे हेडवरचं झाकण, काढल्याशिवाय हेड निघत नाही. त्या कव्हरच्या बोल्टांवर तेलकट धूळ तशीच घट्ट बसलेली, पान्याचा एक ओरखडा नाही. ऑईल दुधाळ नव्हतं, कूलंट कमी होत नव्हतं, सायलेन्सरमधून पांढरा धूर नव्हता. गॅस्केट गेल्याचं एकही लक्षण नसताना एका म्हाताऱ्या माणसाला भीती घालून पैसे घेतले, याची चीड येते.

जुने पार्ट मागितले तर "भंगारात गेले" म्हणाला. काम करायला द्यायच्या आधीच ते परत हवेत म्हणून लिहून घ्या. आम्ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५ वर तक्रार नोंदवली आहे. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, तक्रार मात्र २ वर्षांच्या आत करावी लागते. बिल, बोल्टांचे फोटो आणि स्कॅनरच्या स्क्रीनचा फोटो जोडून आमचा अर्ज तयार आहे.