टॉम थॉमसन कुठे पाहावा? एजीओ, मॅकमायकल की ऑटावा

मुलांकडे ब्रॅम्प्टन-मिसिसागाला आलेल्या आईवडिलांचा नायगारा होतो, सीएन टॉवर होतो, मंदिरं होतात, आणि मग एखादा शनिवार मोकळा मिळतो. चित्रांची आवड असेल तर त्या शनिवारसाठी तीन नावं पुढे येतात: टोरंटो शहरातली आर्ट गॅलरी ऑफ ऑन्टॅरिओ, जिला सगळे एजीओ म्हणतात, शहराच्या वायव्येला क्लाइनबर्ग गावातलं मॅकमायकल संग्रहालय, आणि ऑटावाची नॅशनल गॅलरी ऑफ कॅनडा. तिन्हीकडे कॅनडाची चित्रं आहेत, तिन्हीकडे 'ग्रुप ऑफ सेव्हन' या कॅनडातल्या निसर्गचित्रकारांच्या गटाचं काम आहे. मग ठरवायचं कशावरून?

मी एका चित्रकारावरून ठरवतो. टॉम थॉमसन. तो ग्रुप ऑफ सेव्हनमध्ये नव्हता. हा गट 1920 मध्ये जमला आणि थॉमसन जुलै 1917 मध्ये अल्गोन्क्विन पार्क या विस्तीर्ण जंगलातल्या कनू लेकमध्ये बुडून गेला, वयाच्या 39 व्या वर्षी. पण गटातले बरेचसे त्याचे मित्र होते, काही जण तर टोरंटोच्या 'ग्रिप' नावाच्या जाहिरात-छपाईच्या कंपनीत त्याच्या शेजारी बसून काम करत. बर्फ वितळलं की थॉमसन अल्गोन्क्विनला जायचा, होडीतून तळ्यातळ्यांवर हिंडायचा आणि छोट्या लाकडी फळ्यांवर तैलरंगात स्केच करायचा. या फळ्या जेमतेम 21 बाय 27 सेंटिमीटरच्या. आपल्याकडे आर्ट स्कूलची मुलं बोर्ड घेऊन लँडस्केपला जातात, तसंच हे काम. फक्त इथे मुक्काम रानात, आणि तो महिनोन्महिने.

हिवाळ्यात तो टोरंटोला परतायचा. रोझडेलच्या दरीत, चित्रकारांच्या 'स्टुडिओ बिल्डिंग'मागे एक लाकडी खोपटं होतं. महिना एक डॉलर भाड्याने तो तिथे राहायचा. 1916-17 च्या हिवाळ्यात त्याच खोपटात त्याने दोन मोठे कॅनव्हास रंगवले: 'द वेस्ट विंड' आणि 'द जॅक पाइन'. कॅनडातल्या शाळकरी मुलांनाही माहीत असलेली ही दोन चित्रं. आज पहिलं एजीओमध्ये आहे, दुसरं ऑटावात, आणि ते खोपटं 1962 मध्ये रोझडेलहून हलवून क्लाइनबर्गला मॅकमायकलच्या आवारात आणून ठेवलंय. एका माणसाचा एक हिवाळा तीन ठिकाणी विभागला गेलाय. यातलं तुम्हाला आधी काय पाहायचंय, तेवढं ठरवलं की बाकीचं सोपं आहे.

एजीओ

डंडास स्ट्रीटवर, चायनाटाउनला लागून. सेंट पॅट्रिक सबवे स्टेशनवरून चालत दहाएक मिनिटं, नाहीतर 505 नंबरची स्ट्रीटकार दाराशीच थांबते. गाडी नसेल तर प्रश्न इथेच मिटतो.

इमारत मुद्दाम वेळ काढून पाहण्यासारखी आहे. संस्था 1900 सालची. सध्याचं रूप 2008 मध्ये फ्रँक गेरी यांनी दिलं. गेरींचा जन्म टोरंटोचाच, 1929 चा, आणि लहानपण याच परिसरात गेलेलं. जगात त्यांचं नाव वळणदार धातूच्या इमारतींसाठी झालं, इथे मात्र त्यांनी लाकूड वापरलं. रस्त्याच्या बाजूने लांबच लांब 'गॅलेरिया इटालिया' आहे: डग्लस फरच्या वक्र फासळ्या आणि त्यांवर काच. आत उभं राहिलं की एखाद्या मोठ्या नावेच्या पोटात आल्यासारखं वाटतं, आणि समोर डंडासवरची जुनी विटांची घरं आणि स्ट्रीटकारच्या तारा दिसतात. वॉकर कोर्ट या मधल्या चौकातून वर निघणारा लाकडी गोल जिना थेट काचेच्या छपरातून बाहेर पडतो. गुडघ्यांनी साथ दिली तर तो चढाच. नाहीतर लिफ्ट आहे.

'द वेस्ट विंड' इथे. खडकाळ काठावर वाऱ्याने वाकडा झालेला पाइन, मागे फेसाळलेलं तळं, वर धावणारे ढग. याची जुनी स्केच-फळीही एजीओच्याच संग्रहात आहे. दोन्ही मांडलेली सापडली तर एकीपुढून दुसरीपुढे दोनतीनदा जाऊन या. स्केचमध्ये घाई आहे, रंग ओल्यावर ओला ओढलाय; मोठ्या चित्रात तीच झाडं जाड, वळणदार रेषांनी बांधून काढलीत, आणि 'ग्रिप'मध्ये केलेलं डिझाइनचं काम तिथे लगेच ओळखू येतं.

इथे एक गोंधळ हमखास होतो. भिंतींवर 'थॉमसन कलेक्शन' लिहिलेलं दिसतं, पण ते टॉम थॉमसनचं नाही. केन थॉमसन हे वृत्तपत्र-उद्योजक. त्यांनी आपला सुमारे 2000 वस्तूंचा संग्रह एजीओला दिला. त्यात ग्रुप ऑफ सेव्हनमधला लॉरेन हॅरिस, शिवाय डेव्हिड मिल्न आणि क्रीगहॉफ यांची चित्रं भरपूर आहेत. हॅरिसची सुरुवातीची टोरंटोच्या गरीब वस्तीतली बर्फाळ घरं आणि नंतरचे जवळजवळ भूमितीसारखे निळे-पांढरे डोंगर, असा त्याचा सगळा प्रवास काही पावलांत पाहायला मिळणं ही इथली मोठी गोष्ट आहे.

एजीओची अडचण म्हणजे तिचा पसारा. रुबेन्सचं 'मॅसकर ऑफ दी इनोसंट्स' इथे आहे, हेन्री मूरच्या शिल्पांसाठी 1974 पासून स्वतंत्र केंद्र आहे, यायोई कुसामाची आरशांची खोली आहे. कॅनडाची चित्रं पाहायला आलेला माणूस तळमजल्यावर युरोपात अडकतो आणि वर पोचेपर्यंत पाय दुखायला लागतात. माझा आग्रह: आत शिरल्यावर सरळ लेव्हल 2 गाठा, कॅनडा आधी पाहा, बाकीचं उरलेल्या ताकदीवर.

मॅकमायकल

तुमच्यापुढे एकच दिवस असेल, घरात गाडी असेल आणि महिना मे ते ऑक्टोबरमधला असेल, तर मी क्लाइनबर्गच म्हणेन. ब्रॅम्प्टनकरांना तर हे शहराच्या मध्यापेक्षा जवळ पडतं.

रॉबर्ट आणि सिग्नी मॅकमायकल या जोडप्याने 1951 मध्ये इथे जमीन घेतली, 1954 मध्ये ओंडके आणि रानदगडाचं घर बांधलं आणि त्यात ग्रुप ऑफ सेव्हनची चित्रं जमवायला सुरुवात केली. लोक पाहायला यायला लागले. 1965 मध्ये त्यांनी घर, जमीन आणि 194 कलाकृती ऑन्टॅरिओ प्रांताला देऊन टाकल्या. पुढच्या वर्षी संग्रहालय सगळ्यांसाठी उघडलं. नंतर दालनं वाढत गेली, पण इमारतीने ओंडके आणि दगड सोडले नाहीत. आजूबाजूला हंबर नदीच्या खोऱ्यातलं सुमारे 100 एकरांचं रान आहे. दालनांच्या मधे मोठ्या खिडक्या आहेत. भिंतीवर मेपल, बाहेर मेपल. ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात आलात तर ग्रुपमधल्या जॅक्सनचा लाल आणि मॅकडोनाल्डचा नारिंगी अतिशयोक्त नव्हता, हे तिथल्या तिथे पटतं. भारतात छापलेल्या पुस्तकांत ही चित्रं पाहताना ते रंग मला नेहमी भडक वाटत.

इथे मोठी, गाजलेली चित्रं कमी. छोट्या फळ्या जास्त. काहींना यात निराशा वाटते. मला हेच इथलं सगळ्यात मोलाचं वाटतं. फळीसमोर माणूस हातभर अंतरावर उभा राहतो. ब्रशचे फटकारे मोजता येतात, मधे मधे उघडं सोडलेलं लाकूड आकाश म्हणून कसं वापरलंय ते दिसतं. स्वतः रंगवत असाल, किंवा बरोबरचं मूल चित्रकलेच्या ग्रेड परीक्षांची तयारी करून इकडे आलेलं असेल, तर या फळ्या पाहून शिकता येईल इतकं मोठ्या कॅनव्हाससमोर शिकता येत नाही.

आणि बाहेर ते खोपटं. साध्या फळ्यांचं, लहानसं. 'द वेस्ट विंड' आधी एजीओत पाहिलं असेल तर प्रश्न पडतो, एवढ्या जागेत तो मागे सरकून चित्र पाहत कसा असेल?

आवारातच एक छोटी दफनभूमी आहे. ग्रुपमधले सहा चित्रकार इथे चिरविश्रांती घेतायत: जॅक्सन, हॅरिस, लिस्मर, वार्ली, जॉन्स्टन आणि कॅसन, काहींच्या पत्नीही शेजारी. थडगी म्हणजे नुसते कॅनेडियन शील्डचे, म्हणजे या चित्रांतल्या प्राचीन खडकाळ प्रदेशाचे, ओबडधोबड खडक. ए. वाय. जॅक्सन तर अखेरची काही वर्षं याच घरात राहिले आणि आलेल्या लोकांशी गप्पा मारायचे.

या निसर्गचित्रांबद्दल एक रास्त आक्षेप आहे आणि तो इथेच मांडायला हवा. थॉमसन आणि ग्रुपच्या चित्रांत माणसं जवळजवळ नाहीतच. रान कोरं, अस्पर्श दिसतं. प्रत्यक्षात तिथे हजारो वर्षं अनिशिनाबे आणि इतर मूळ रहिवासी राहत आले होते. चित्रांतून ते गळून गेले. म्हणून फक्त पाइनची झाडं पाहून परतू नका. मॅकमायकलमध्ये अनिशिनाबे चित्रकार नॉर्वल मॉरिसोची चित्रं आहेत. काळ्या जाड रेषांत, आतले अवयव दिसणारे प्राणी आणि माणसं; मॉरिसो 1979 मध्ये काही काळ इथे पाहुणा चित्रकार म्हणून काम करत होता, थॉमसनच्या त्याच खोपटात. शिवाय बॅफिन बेटालगतच्या किंगाइट या इनुइट वस्तीतली 1 लाखांहून जास्त रेखाटनं आणि मुद्राचित्रं या संग्रहालयाकडे जतनासाठी आहेत. त्यातली थोडीच एका वेळी भिंतीवर येतात. किनोजुआक अशेवाकचं घुबड किंवा पिट्सिओलाक अशूनाचं एखादं रेखाटन दिसलं तर थांबा.

एजीओनेही या बाबतीत ठोस काम केलंय. 2018 पासून तिथल्या मूळ रहिवाशांच्या आणि कॅनडाच्या कलेच्या जे. एस. मॅक्लीन केंद्रात चित्रांशेजारचा मजकूर आधी अनिशिनाबेमोविन भाषेत, मग इंग्रजी आणि फ्रेंचमध्ये असतो. चित्रकार एमिली कारच्या 1929 च्या 'इंडियन चर्च' या चित्राला त्याच वर्षी 'युक्वॉट गावातलं चर्च' अशा अर्थाचं नवं नाव दिलं गेलं. त्यावर वाद झाला. मला तो बदल योग्य वाटतो.

मॅकमायकलला गाडीशिवाय जाणं जिकिरीचं आहे. बस बदलत, शेवटी चालत, आणि परतीची चिंता. हिवाळ्यात तर नकोच.

ऑटावा

साडेचारशे किलोमीटर. सकाळी निघून रात्री परत येण्याचा हट्ट करू नका, एक मुक्काम ठेवा.

पण कॅनडाच्या चित्रकलेचा पूर्ण आवाका पाहायचा तर दुसरा पर्याय नाही. मोशे साफदी यांची काच आणि ग्रॅनाइटची इमारत 1988 मध्ये उघडली. आत शिरल्यावर एक लांब चढण चढत जायची, आणि शेवटी काचेच्या मोठ्या सभागृहातून थेट पार्लमेंट आणि तिचं ग्रंथालय दिसतं. बाहेर शिल्पकार लुईज बूर्ज्वाची 9 मीटरहून उंच ब्रॉन्झची कोळ्याची मादी, 'मामान', पोटात संगमरवरी अंडी घेऊन उभी आहे. लहान मुलं तिच्या पायांतून हलतच नाहीत.

'द जॅक पाइन' इथे. 'वेस्ट विंड'मध्ये सगळं हलतं, इथे काहीच हलत नाही. संध्याकाळ, आडव्या पट्ट्यांत रंगवलेलं आकाश आणि तळं, आणि पुढे लोंबत्या फांद्यांचं झाड. गॅलरीने हे चित्र 1918 मध्येच, थॉमसन गेल्यावर वर्षभरात, विकत घेतलं. त्याच दालनांत हॅरिसचं 'नॉर्थ शोअर, लेक सुपीरिअर', लिस्मरचं 'अ सप्टेंबर गेल', मॅकडोनाल्डचं 'टँगल्ड गार्डन', जॅक्सनचं 'रेड मेपल'. लागोपाठ. ज्या चित्रांच्या छापील प्रती घराघरांत दिसतात त्यांतली बरीचशी मूळ चित्रं ही.

आणि रिडो चॅपल चुकवू नका. ऑटावातल्या एका कॉन्व्हेंटची इमारत 1972 मध्ये पाडली गेली, पण तिच्यातल्या प्रार्थनागृहाचं लाकडी काम, पंख्यासारखी उलगडणारी छताची कमान, लोकांनी सुटी करून वाचवली आणि ती आता गॅलरीच्या आत पुन्हा उभी आहे.

तर मग

पहिल्यांदाच येताय, गाडी आहे, हवा बरी आहे: मॅकमायकल. त्यानंतर जमेल तेव्हा एजीओ, कारण खोपटं पाहून 'वेस्ट विंड'पुढे उभं राहणं वेगळंच. गाडी नाही, किंवा नोव्हेंबर ते एप्रिलमधले दिवस आहेत, किंवा बरोबरच्यांना चित्रांपेक्षा शहर जास्त आवडतं: एजीओ. युरोपियन कला आणि शिल्पं पाहायची असतील तरीही एजीओ. चित्रकलेचा अभ्यास म्हणून येताय, किंवा मॉन्ट्रियल-क्वेबेकची सहल आखताय: ऑटावा वाटेतच आहे, एक रात्र तिथे काढा. तिथे गेलात तर नदीपलीकडे गॅटिनोमध्ये डग्लस कार्डिनल यांचं वळणदार इतिहास संग्रहालयही पाहून घ्या. टोटेम खांबांचं ग्रँड हॉल एकटंच त्या फेरीला पुरेसं आहे.

खर्चाचं म्हणाल तर एजीओत ऑन्टॅरिओत राहणाऱ्या 25 वर्षांखालच्यांना प्रवेश मोफत आहे आणि काही बुधवारी संध्याकाळी सगळ्यांनाच. त्यासाठी आधी ऑनलाइन नाव नोंदवावं लागतं. ऑटावात गुरुवारची संध्याकाळ तशीच मोफत. एजीओ सोमवारी बंद असते. निघायच्या आदल्या दिवशी तिन्ही ठिकाणांची संकेतस्थळं उघडून दोन गोष्टी जरूर तपासा: दालनं चालू आहेत ना, आणि तुम्हाला हवं ते चित्र भिंतीवर आहे ना. चित्रं प्रदर्शनांसाठी बाहेरगावी जातात, आणि 'वेस्ट विंड'साठी आलेल्या माणसाला ते नसल्याचं दारातच कळलं तर दिवस वाया जातो.