उंदरांचा संघ: सात महिने, बावीस सामने

गेल्या जूनपासून कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका मित्राच्या माडीवर आम्ही आठ जण दर रविवारी ‘ब्लड बाऊल’ खेळत आहोत. गेम्स वर्कशॉपने हा खेळ १९८६ मध्ये प्रथम बाजारात आणला. २६ बाय १५ घरांच्या पटावर दोन्ही बाजूंचे अकरा-अकरा खेळाडू उतरतात, प्रत्येक अर्धात आठ पाळ्या असतात, चेंडू पलीकडच्या शेवटच्या ओळीत नेला की टचडाऊन होतो आणि वाटेत आलेल्याला लोळवणे नियमातच बसते. मी स्केव्हन, म्हणजे उंदीरमाणसांचा संघ निवडला. संघ अतिशय वेगवान आणि तितकाच नाजूक आहे.

२०२० च्या नियमपुस्तिकेप्रमाणे खेळातल्या दहा लाख मोहरांत संघ उभा करायचा असतो. मी प्रत्येकी ८५ हजारांचे चार गटर रनर (चपळ धावपटू), ९० हजारांचे दोन ब्लिट्झर (धडक देणारे), ५० हजारांचे सहा लाइनमन (साधे गडी), दोन री-रोल (फसलेला फासा पुन्हा टाकण्याची मुभा) आणि एक वैद्य असा नऊ लाख सत्तर हजारांचा संघ बांधला. वैद्य घेऊ नये, त्या पैशात आणखी एक लाइनमन येतो, असा सल्ला मला मिळाला होता. तो मानला नाही याचे आजही समाधान आहे. कारण जायबंदी खेळाडूसाठी सोळा बाजूंचा फासा टाकतात आणि १५ किंवा १६ पडल्यास तो कायमचा संपतो. गटर रनरच्या बाबतीत ही वेळ माझ्यावर तीनदा आली आणि त्यातला एक वैद्यामुळेच वाचला.

नाजूक म्हणजे नेमके किती, हे मी दोन महिने मोजलेच नव्हते. गटर रनरचे चिलखत ८+ आहे, म्हणजे दोन फाशांवर आठ किंवा अधिक पडले की ते फुटते. ही शक्यता छत्तीसपैकी पंधरा. त्यानंतर दुखापतीच्या फेकीतही आठ किंवा अधिक पडले, तर तो मैदानाबाहेर जातो. याचा अर्थ, प्रत्येक सहा वेळा पडण्यात साधारण एकदा माझा एक खेळाडू कमी होतो, आणि प्रतिस्पर्ध्याकडे मायटी ब्लो, म्हणजे जोरदार धडकेचे कौशल्य, असेल तर त्याहूनही लवकर. एका पाळीत पाच-सहा धडका खाणाऱ्या संघाचे उत्तरार्धात काय होते, ते मी दणकट ऑर्क संघाविरुद्धच्या पहिल्या सामन्यात पाहिले. शेवटच्या पाळीला माझे चार जण उभे होते.

यावरचा उपाय वेगात आहे, पण तो वेग चेंडू घेऊन पळण्याचा नव्हे. शेजारच्या घरात उभा असलेल्याला कोणीही धडक देऊ शकतो. मात्र चालत येऊन धडक देण्याची, म्हणजे ब्लिट्झची, मुभा एका पाळीत एकाच खेळाडूला असते. म्हणून पाळी संपताना माझा एकही उंदीर प्रतिस्पर्ध्याच्या शेजारी उरला नाही, तर समोरच्याला त्या पाळीत एकच धडक देता येते. ज्या गावात खासबागेच्या मातीत अंगाला अंग भिडल्याखेरीज कुस्ती पूर्ण होत नाही, तिथे वाढलेल्या माझ्यासारख्याला न भिडणे हाच डाव असू शकतो हे पटायला वेळ लागला. सुरुवातीच्या मांडणीत मात्र तीन खेळाडू मध्यरेषेवर द्यावेच लागतात. तिथे नेहमी लाइनमनच ठेवावेत आणि ते कामी येणार हे गृहीत धरूनच पुढचा विचार करावा. ब्लिट्झर तिथे उभा करण्याचा मोह मला दोनदा नडला.

दुसरी चूक अधिक काळ टिकली. गटर रनरची नऊ घरे चाल आणि फासा टाकून मिळणारी जोखमीची दोन जादा घरे, असे अकरा घरांचे अंतर हाताशी असल्यावर दुसऱ्याच पाळीत टचडाऊन करण्याची घाई होते. मीही तेच करीत असे, आणि मग उरलेल्या पाळ्यांत प्रतिस्पर्धी माझी माणसे शांतपणे फोडत, चेंडू पिंजऱ्यात घालून, म्हणजे चेंडूवाल्याच्या चार कोपऱ्यांवर चार गडी ठेवून, पुढे नेत असे. आमच्या लीगमध्ये ड्वार्फ, म्हणजे बुटक्यांचा संघ, चालवणारा मित्र रोज तालमीत जातो आणि पटावरही तसाच, घाई न करता, दाबत येतो. त्याच्या ब्लॉकरांची चाल चार घरांची. मध्यरेषेपासून शेवटची ओळ तेरा घरांवर असल्याने जादा घरांची जोखीम न घेता पिंजऱ्यासकट तिथे पोहोचायला त्याला किमान चार पाळ्या लागतात. हे ध्यानात आल्यापासून मी चेंडू मागे, त्याच्या आवाक्याबाहेर फिरवत ठेवतो आणि सहाव्या पाळीला टचडाऊन करतो. उरलेल्या मोजक्या पाळ्यांत त्याचा सहा घरे चालणारा रनर एकटा सुटू शकतो; पण भोवती पिंजरा नसलेला रनर उंदरांना हवाच असतो.

त्याचा पिंजरा फोडायला मात्र जाऊ नये. चेंडूवाल्याच्या लगतच्या घरात शिरताना तिघांच्या कक्षा, म्हणजे त्यांच्या लगतची घरे, लागतात, त्यामुळे एरवी २+ वर निसटणाऱ्या रनरला पाच किंवा सहाच पडावे लागतात. त्यातच ड्वार्फ ब्लॉकरांकडे टॅकल हे कौशल्य असल्याने रनरला डॉज या निसटण्याच्या कौशल्याची दुसरी फेकही मिळत नाही. त्यापेक्षा पिंजऱ्यासमोर, एक घर अंतर सोडून, दुहेरी आडोसा धरणे आणि त्याच्या पाळ्या खाणे परवडते. या मित्राविरुद्धचे शेवटचे तीनही सामने मी याच पद्धतीने खेळलो: एक जिंकलो, दोन बरोबरीत सुटले.

एका पाळीतल्या टचडाऊनबद्दल बरेच ऐकायला मिळते. तेरा घरांपैकी अकराच हाती असल्याने उरलेली दोन आपल्याच गड्याला साखळीने, म्हणजे एकाने दुसऱ्याला ढकलत, पुढे सरकवून मिळवावी लागतात. मला ते बावीस सामन्यांत एकदाच साधले, आणि तेव्हा माडीवर जो गोंगाट झाला तो शाहू स्टेडियममध्ये पेठांच्या सामन्यालाच शोभला असता. तरी त्यावर भिस्त ठेवू नये, कारण नुसती दोन जादा घरेच री-रोलशिवाय छत्तीसपैकी अकरा वेळा फसतात आणि फसलेला रनर तोंडावर आपटतो तो वेगळाच.

रॅट ओगर, म्हणजे स्केव्हनांचा धिप्पाड राक्षसी उंदीर, मी अजून घेतलेला नाही. दीड लाखांत तीन लाइनमन येतात, आणि मध्यरेषेवर दर वेळी तिघेच लागतात. सध्या खजिन्यात एक लाख दहा हजार आहेत, पहिल्या चारपैकी दोन रनर उरले आहेत, आणि येत्या रविवारी समोर पुन्हा ऑर्क आहेत. त्यामुळे आधी एक रनर भरणार.