लातूरच्या बोअरचे पाणी आणि चार टप्प्यांचा आरओ-डीआय संच

लातूरमधील माझ्या घरी ६० लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी असून तीत दोन क्लाउनफिश, झोअँथिड आणि मशरूम या प्रकारांचे काही प्रवाळ आहेत. गेल्या वर्षी तिच्या दगडांवर केसांसारखे हिरवे शेवाळ इतके माजले की त्याखाली दबलेले झोअँथिड उमलेनासे झाले. काचांवर तपकिरी थर साचत होता तो वेगळाच. दिव्याची वेळ दहा तासांवरून सातवर आणली, दगड बाहेर काढून ब्रशने घासले, टर्बो गोगलगायी सोडल्या, तरी पंधरवड्यात शेवाळ परत येत असे.

दोष वरून भरायच्या बोअरच्या पाण्यात होता. आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो, टाकी थंड ठेवण्यासाठी पंखा लावावा लागतो आणि रोज सुमारे दीड लिटर पाण्याची वाफ होते. वाफ होते ती केवळ पाण्याची, त्यात विरघळलेले सारे टाकीतच राहते; आणि या हिशेबाने ४० दिवसांत टाकीभर नवे पाणी आत जाते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात नायट्रेटची, म्हणजे शेवाळाच्या खाद्याची, मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. म्हणजे आपल्याला पिण्यास योग्य ठरणारे पाणीसुद्धा ४० दिवसांत टाकीतील नायट्रेट ४५ ने वाढवू शकते, जे प्रवाळांच्या टाकीत ५ ते १० च्या आसपास असलेले बरे. शिवाय बेसाल्ट खडकातून येणाऱ्या पाण्यात सिलिका असते आणि काचेवरचा तो तपकिरी थर, म्हणजे डायटम नावाचे सूक्ष्म शेवाळ, आपले कवच तिच्यापासूनच घडवतो.

घरातील पिण्याचे आरओ यंत्र या कामाचे नाही, कारण चवीसाठी अशा बहुतेक यंत्रांत थोडे मूळ पाणी किंवा खनिजे परत मिसळलेली असतात. म्हणून गाळ अडवणारा फिल्टर, कार्बन, आरओची बारीक छिद्रांची पडदी म्हणजे मेम्ब्रेन आणि शेवटी उरलेले क्षार धरून ठेवणारे डीआय रेझिन असा चार टप्प्यांचा संच मी घेतला. बोअरच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण) ७८०, मेम्ब्रेननंतर २२ आणि रेझिननंतर शून्य भरला. तपकिरी थर तीन आठवड्यांत गेला. हिरव्या शेवाळाला मात्र जवळजवळ तीन महिने लागले, कारण दगडांनी आधीच शोषलेले फॉस्फेट, तेही शेवाळाचे खाद्यच, हळूहळू बाहेर पडत राहते. ते शोषून घेण्यासाठी फेरिक ऑक्साइडच्या दाण्यांची लहान पिशवी फिल्टरमध्ये ठेवावी लागली. मात्र ही पिशवी बेताने वापरावी. फॉस्फेट आणि नायट्रेट पार शून्यावर नेल्यास डायनोफ्लॅजेलेट या सूक्ष्मजीवांचा चिकट थर येण्याची भीती असते, आणि तो हटवणे हिरव्या शेवाळाहून अवघड आहे.

विक्रेत्याने एक गोष्ट सांगायला हवी होती, ती सांगितली नाही. मेम्ब्रेनला साधारण ४० ते ६० पीएसआय दाब लागतो आणि गच्चीवरच्या टाकीतून त्याच्या पावपटही मिळत नाही. पहिल्या दिवशी नळीतून थेंबथेंब पाणी आले आणि बूस्टर पंप वेगळा विकत घ्यावा लागला. ज्या शहरात नळाचे पाणी रोज येत नाही आणि साठवलेल्या पाण्यावरच घर चालते, तेथे हा पंप मूळ संचातच असला पाहिजे.

दुसरी अडचण माझ्या मनाला अधिक लागते. एक लिटर शुद्ध पाण्यामागे तीन ते चार लिटर पाणी बाहेर पडते. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने आलेले पाणी प्यायलेल्या गावात ते मोरीत सोडून देणे मला शक्य नाही. ते पिंपात धरून फरशी, शौचालय आणि गाडी धुण्यासाठी मी वापरतो, आणि रोजची गरज दीड लिटरचीच असल्याने त्याचा ताण पडत नाही.

रेझिनबाबत एक सूचना आवर्जून करतो. रेझिन संपत आले की त्यातून सर्वांत आधी सिलिका निसटते आणि टीडीएस मीटरला ती जवळजवळ दिसत नाही. आठव्या महिन्यात मीटर शून्य दाखवत असताना माझ्या काचेवर पुन्हा तपकिरी झाक आली. रेझिन बदलल्यावर ती थांबली. तेव्हापासून मीटरपेक्षा काचेकडे मी अधिक लक्ष देतो आणि रेझिन दर सहा महिन्यांनी बदलतो. पंपासह या संचाला ९,००० रुपयांच्या आसपास खर्च आला; शेवाळनाशक द्रव्यांच्या बाटल्यांवर त्याआधी घातलेल्या पैशांपेक्षा तो मला कितीतरी सार्थकी वाटतो. सध्या शेवाळ पंपाच्या मागच्या एका दगडावर तेवढे उरले आहे आणि ते मी गोगलगायींसाठी राखून ठेवले आहे.