नागपुरात राहून हातमाग शिकायचा: वर्धा की भंडारा?

आमची पुतणसून मूळची जर्मनीची. पुतण्याच्या नोकरीमुळे वर्षभर नागपुरात आहे आणि परत जाण्याआधी तिला हातमाग शिकायचाच आहे. "काकू, कुठे जाऊ?" असं तिने विचारलं, तेव्हा मी तिच्यापुढे दोन वाटा ठेवल्या. तिच्यासारख्या आणखी कोणाच्या उपयोगी पडेल म्हणून इथे लिहिते आहे.

पहिली वाट वर्ध्याची. सेवाग्राम, गोपुरी, १९३८ साली गांधीजींच्या हस्ते सुरू झालेलं मगन संग्रहालय, या सगळ्या परिसरात खादीचं काम अजून जिवंत आहे. इथे शिकणं कापसापासून सुरू करता येतं: आधी पेळू, म्हणजे कातायला वळलेली पिंजलेल्या कापसाची वात, मग सूत, मग माग. हातचं सूत कुठे जाड, कुठे बारीक निघतं आणि मागावर तुटतं. पण ते आपणच कातलेलं असलं, की का तुटलं हेही लगेच कळतं. बाहेरची माणसं तिथे नेहमी येतात, त्यामुळे भाषेचं फारसं अडत नाही. हाताशी दोन-तीन आठवडेच असतील तर दुसरा विचार करू नका. फक्त आधी फोन करून शिकवायला कोण मोकळं आहे ते विचारा.

दुसरी वाट भंडारा जिल्ह्याची. मोहाडी, आंधळगाव या भागात कोष्टी विणकरांच्या घरी करवतकाठी साड्या विणतात. ऐन-अर्जुनाच्या झाडांवर वाढलेल्या कोशांचं टसर रेशीम आणि काठाला करवतीच्या दातांसारखी नक्षी. ती तीन धोट्यांवर होते (धोटा म्हणजे आडवा धागा इकडून तिकडे नेणारं साधन): दोन्ही काठांचे दोन, साडीच्या अंगाचा एक. काठाचा धागा आणि अंगाचा धागा दर फेरीला एकमेकांत अडकवावा लागतो. एकदा चुकला की तिथे फट राहते.

माझं मन या दुसऱ्या वाटेकडे झुकतं, आणि ते काठासाठी नव्हे, ताण्यासाठी, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांसाठी. विणकराच्या घरी नवा ताणा जुन्याला जोडताना बघायला मिळतो. दोन टोकं चिमटीत धरायची, बोटाला राख लावायची, पीळ द्यायचा, की पुढचा धागा. साडीच्या पन्ह्यात असे हजारो धागे! घरातली बाई हे करताकरता चुलीवरच्या भाताकडेही लक्ष ठेवते. हे शिकलात तर धोटा फेकणं त्यामानाने सोपं वाटेल.

पण एक गोष्ट मनापासून सांगते. विणकराला मजुरी नगावर मिळते. तुम्ही त्याच्या मागावर बसलात की त्याची साडी थांबते. तेव्हा शिकवणीचे पैसे वेगळे आणि बुडालेल्या दिवसांचे वेगळे, हे पहिल्याच दिवशी ठरवा. त्याने संकोचाने नको म्हटलं तरी द्या. शिवाय रोज नागपूरहून ये-जा करून हे जमायचं नाही. गावात निदान दोन महिने राहावं लागेल आणि कामापुरती मराठी यावी लागेल.

वाट कोणतीही धरा, एप्रिल-मे टाळा. आपल्या उन्हाळ्यात हवा इतकी कोरडी होते की सुती धागा काडीसारखा तुटतो, आणि नवख्याचा सगळा दिवस गाठी मारण्यात जातो.

नागपुरात सरकारी विणकर सेवा केंद्र आहे, रंगाई आणि नक्षीबद्दल तिथे जरूर विचारा. सेलम किंवा वाराणसीच्या हातमाग तंत्रज्ञान संस्थेतली पदविका तीन वर्षांची, ती वर्षभरासाठी आलेल्यांच्या कामाची नाही.

पुतणसून दिवाळीनंतर पंधरा दिवस वर्ध्याला जाणार आहे. तिथून थेट आंधळगावला.