चार फोटो नापास

आमच्या कुत्र्याचं, भुंग्याचं चित्र फोटोवरून काढून घेतलं. चित्रकार बाईंनी रंगाला हात लावण्याआधी आठवडाभर माझे फोटोच परत केले. भुंग्या आता नाही, नवा फोटो काढायची सोय नाही, त्यामुळे प्रत्येक नकार जरा लागायचाच.

कुत्रा काळाकुळकुळीत. माझा लाडका फोटो सोफ्यावरचा, फ्लॅश मारून काढलेला. डोळ्यांच्या जागी दोन हिरवे दिवे. कुत्र्यांच्या डोळ्यात आत उजेड परतवणारा थर असतो, त्याचा हा प्रताप. बाई म्हणाल्या, "डोळेच नाहीत, तर मी काढू काय?" दुसऱ्यात मोबाइल पार तोंडाशी नेलेला, त्यामुळे नाक चेहराभर आणि कान कुठेतरी मागे. दोन पावलं मागे येऊन झूम करायला हवं होतं म्हणे. तिसरा उभ्यानं, वरून काढलेला: नुसतं डोकं, पाय गायब. चौथ्यात पोर्ट्रेट मोडनं मिशाच पुसल्या होत्या. मग मी सुचवलं, चेहरा यातला घ्या, कान त्यातले. तेही नाही, एकात उजेड डावीकडून, दुसऱ्यात समोरून.

पास झाला तो बायकोनं काढलेला. ढगाळ दुपार, भुंग्या दारात बसलेला आणि ही त्याच्यासमोर फरशीवर पालथी. मला तो फोटो कधीच आवडला नव्हता, एक कान उभा नि एक पडलेला. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवला तर त्यांना काळा गोळाच दिसला. मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवली, तेव्हा कुठे मानेवरच्या केसांचं वळण, छातीवरची तपकिरी झाक आणि डोळ्यातला दाराच्या उजेडाचा ठिपका दिसला. चित्रातही तो ठिपका अगदी जागच्या जागी आहे. तिथं मी गप्प झालो.

तक्रारी दोन. चित्र ठरल्यापेक्षा बारा दिवस उशिरा आलं. आणि पट्टा निळा आला. भुंग्याचा पट्टा कायम लाल. त्या दिवशी तो धुवायला टाकलेला, म्हणून जुना निळा घातला होता. मी सांगितलं नाही, पण एवढी चिकित्सा करणाऱ्या बाईंनीही विचारलं नाही. कळवल्यावर पैसे न घेता बदलून देते म्हणाल्या.

बायकोनं बदलू दिला नाही. तिच्या मते त्याला तो पट्टा आवडायचा नाही, कान त्यामुळेच पडलाय.