लायसन्स ‘पॅकेजमध्ये’ देणारा सॅमन गाइड: आम्ही कसे फसवले गेलो

कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्यावर छोट्या बोटीतून सॅमन धरायला जायचा बेत असेल आणि गाइड म्हणाला, “लायसन्सचं टेन्शन घेऊ नका, ते पॅकेजमध्येच आहे,” तर तिथेच थांबा आणि एक डॉलरही पाठवू नका. आमची फसवणूक याच वाक्यापासून सुरू झाली. पैसे गेले त्याचं दुःख आहेच, पण त्याहून जास्त संताप याचा आहे की त्या माणसामुळे आमची नावं फिशरी ऑफिसरच्या वहीत गेली आणि जे मासे पाण्यात परत जायला हवे होते ते मेले. या हंगामात कुणी जाणार असेल त्यांच्यासाठी सगळं सविस्तर लिहिते आहे.

माझे मोठे दीर आणि जाऊबाई टोरांटोहून आमच्याकडे आले होते. भाऊजींना मासेमारीचं वेड. कॅम्पबेल रिव्हर या गावी टायी क्लब म्हणून एक जुनी संस्था आहे. 1924 पासून तिथे लोक इंजिन न लावता, वल्ह्यांच्या बोटीतून, हलक्या रॉडवर 30 पौंड किंवा त्याहून मोठा चिनूक (सॅमनची एक जात) धरायचा प्रयत्न करतात. एवढा मोठा चिनूक म्हणजे ‘टायी’. भाऊजींनी हे कुठेतरी वाचलं होतं आणि एकदा तरी त्या पाण्यात रॉड धरायचा, ही त्यांची कितीतरी वर्षांची इच्छा होती. कॅम्पबेल रिव्हरपर्यंत जाणं जमण्यासारखं नव्हतं, म्हणून घराजवळ, जॉर्जियाच्या सामुद्रधुनीतच (व्हँकुव्हर बेट आणि मुख्य भूमी यांच्यामधल्या समुद्रात) एखादी अर्ध्या दिवसाची सहल मिळते का, ते शोधायला लागलो.

जाहिरात सोशल मीडियावरच्या खरेदी-विक्रीच्या पानावर होती. फोटो सुंदर, बोट स्वच्छ, खाली लोकांच्या कौतुकाच्या प्रतिक्रिया. ते फोटो दुसऱ्याच एका गाइडच्या पानावरून उचलले होते, हे नंतर कळलं. माणूस बोलायला अतिशय गोड. भरती-ओहोटीच्या वेळा, कोणत्या खोलीवर मासा आहे, सगळं घडाघडा सांगत होता, आणि त्याला मासेमारी येत होती यात शंकाच नाही. निम्मी रक्कम आगाऊ, ई-ट्रान्सफरने, म्हणजे थेट बँक खात्यातून. पैसे ज्या नावाच्या खात्यात गेले ते नाव जाहिरातीतल्या नावाशी जुळत नव्हतं. यजमानांनी विचारलं, तर म्हणाला, “हिशोब बायको बघते.” मग त्याने चौघांची पूर्ण नावं, जन्मतारखा आणि पत्ते मागितले. दुसऱ्या दिवशी चार पीडीएफ आल्या. वर सरकारी चिन्ह, खाली क्रमांक, मधे आमची नावं. दिसायला अगदी खऱ्यासारखं.

इथे जरा थांबून सांगते, कारण पहिल्यांदा जाणाऱ्याला हे माहीत नसतं आणि असे लोक नेमका त्याचाच फायदा घेतात. खाऱ्या पाण्यातल्या हौशी मासेमारीचा परवाना केंद्र सरकारचं खातं, फिशरीज अँड ओशन्स कॅनडा, देतं. तो माणशी असतो, बोटीला किंवा ग्रुपला मिळत नाही. खात्याच्या संकेतस्थळावर आपण स्वतःच्या नावाने खातं उघडायचं, शुल्क भरायचं, परवाना लगेच मिळतो. एका दिवसाचाही मिळतो. सॅमन घरी न्यायचा असेल तर त्यावर सॅमन कॉन्झर्व्हेशन स्टॅम्प, म्हणजे सॅमन ठेवायची जादा परवानगी, वेगळा घ्यावा लागतो. परवान्याचं वर्ष 1 एप्रिल ते 31 मार्च. हा सगळा खर्च सहलीच्या रकमेपुढे किरकोळ आहे. त्या माणसाने तेवढेही वाचवले. कुणाचा तरी जुना परवाना घेऊन त्यावरची नावं आणि तारखा बदलून आमच्या हातात ठेवला.

ठरल्या दिवशी पहाटे त्याने मरीनावर (बोटी बांधायच्या धक्क्यावर) न बोलावता एका सार्वजनिक बोट रॅम्पवर, म्हणजे बोट पाण्यात उतरवायच्या उतारावर, बोलावलं. ॲल्युमिनियमची उघडी बोट, मागे एक मोठं इंजिन आणि शेजारी ट्रोलिंगसाठी, म्हणजे आमिष ओढत संथ जाण्यासाठी, छोटं, ज्याला इथे किकर म्हणतात. लाइफ जॅकेट्स पुढच्या कप्प्यात कोंबलेली, त्यातलं एकही जाऊबाईंच्या मापाचं नव्हतं. कायद्याने बोटीवरच्या प्रत्येकासाठी मापाचं जॅकेट असावंच लागतं. मी तसं बोलूनही दाखवलं. शेवटी घरून आणलेलं माझं जॅकेट मी त्यांना दिलं आणि कप्प्यातलं मी घातलं. निघताना तो सहज बोलल्यासारखं म्हणाला, “पाण्यावर कुणी विचारलंच तर आपण मित्र आहोत म्हणा. इन्शुरन्सवाले उगाच छळतात.” हे वाक्य मी मुद्दाम जसंच्या तसं देते आहे. पैसे घेऊन प्रवासी नेणारी बोट हौशी बोटीच्या परवान्यावर चालत नाही. तिची व्यावसायिक नोंदणी लागते, आणि चालवणाऱ्याकडे त्या कामाचं प्रमाणपत्र लागतं. “मित्र आहोत म्हणा” याचा अर्थ यातलं काहीच त्याच्याकडे नाही, हे आज स्वच्छ दिसतं.

पाण्यावरचे पहिले दोन तास फार छान गेले, हेही प्रामाणिकपणे लिहिलं पाहिजे. आमिष खोल नेणाऱ्या डाउनरिगर या साधनाचा शिशाचा गोळा दोर घेऊन खोल जातो, त्यामागे फ्लॅशर नावाची प्लास्टिकची चकचकीत पट्टी गोल फिरत राहते आणि तिच्यामागे अँचोव्ही या छोट्या माशाचं आमिष. बोट दोन-तीन नॉट्सने संथ चालवायची. मासा लागला की क्लिपमधून दोर सुटतो, वाकलेला रॉड एकदम सरळ होतो आणि मग पुन्हा वाकतो. पहिला रॉड सुटला तेव्हा भाऊजींचा चेहरा असा उजळला की आम्ही सगळे ओरडलो.

मासा चिनूक होता. काळ्या हिरड्या, शेपटीच्या वरच्या आणि खालच्या दोन्ही भागांवर ठिपके. गळ काढताना मला दिसलं की गळाला उलटा काटा तसाच होता. ब्रिटिश कोलंबियात सॅमनसाठी उलटा काटा नसलेला, म्हणजे बार्बलेस गळच वापरायचा असतो, कारण सोडून द्यावा लागणारा मासा त्याने कमी फाटतो. मी विचारलं, तर म्हणाला, “हा चुकून राहिला, पुढच्या वेळी चिमट्याने दाबतो.” मग त्याने मासा बोटीच्या कडेला चिकटवलेल्या मोजपट्टीवर ठेवला आणि जाहीर केलं, “चौसष्ट! ठेवायचा!” जॉर्जियाच्या सामुद्रधुनीत चिनूक किमान 62 सेंटिमीटर असावा लागतो, नाकाच्या टोकापासून शेपटीच्या बेचक्यापर्यंत. ती पट्टी सुरुवातीकडून कापलेली होती. शून्याच्या जागी चारचा आकडा, आणि नेमक्या त्याच जागेवर त्याने कायम एक ओलं फडकं टाकून ठेवलेलं. मासा कायद्यात बसतच नव्हता. शिवाय ठेवलेला चिनूक परवान्यावर तिथल्या तिथे नोंदवायचा असतो. भाऊजींनी पेन मागितलं, तर “हात ओले आहेत, किनाऱ्यावर करू,” असं म्हणून त्याने टाळलं.

दुसरा मासा कोहो, सॅमनचीच आणखी एक जात. त्याचं जे केलं ते आठवलं की अजून अंगावर काटा येतो. सॅमनच्या पाठीवर मोठ्या पराच्या मागे, शेपटीच्या अलीकडे, बोटाच्या पेराएवढा एक मऊ पर असतो. त्याला ॲडिपोज फिन म्हणतात. हॅचरीत, म्हणजे मत्स्यबीज केंद्रात, वाढवलेल्या बऱ्याच कोहोंचा हा पर ते पिल्लू असतानाच कापून टाकतात, म्हणजे मोठेपणी हॅचरीचा कोणता आणि वाइल्ड (नैसर्गिक) कोणता ते ओळखता येतं. दक्षिणेकडच्या बऱ्याच भागांत हंगामाचा बराच काळ फक्त हॅचरीचा कोहो ठेवता येतो. पर असलेला वाइल्ड कोहो शक्यतो पाण्याबाहेर न काढताच सोडायचा असतो. आमच्या कोहोला पर होता, जाऊबाईंनी तो जाळ्यात स्पष्ट पाहिला. त्याने आमच्याकडे पाठ केली, मासा मारला, मासे ठेवायच्या खोक्याशी काहीतरी केलं आणि वळून म्हणाला, “हॅचरी! बघा, पर नाहीये.” जाऊबाई म्हणाल्या, “अहो, आत्ता तर होता!” तो हसला आणि म्हणाला, पाण्यात प्रकाशामुळे असं दिसतं. आम्ही बोट किनाऱ्याला परत न्या म्हटलं. भाऊजी तर चिडूनच बोलले. तो गप्प झाला आणि थोड्या वेळाने बोट वळवली.

रॅम्पवर फिशरी ऑफिसर उभी होती. तिने आधी परवाने मागितले. आमच्या पीडीएफवरचे क्रमांक तिने तपासले, तर ते आमच्या नावांचे नव्हतेच. मग खोका उघडायला लावला. चिनूक तिने स्वतःच्या पट्टीवर मोजला, 60 भरला. कोहोच्या पाठीवरून अंगठा फिरवला आणि आम्हालाही फिरवायला सांगितला. पिल्लूपणी कापलेल्या पराची जागा गुळगुळीत, भरून आलेली असते. इथे कडा कच्च्या होत्या आणि मांस लाल दिसत होतं. हे सगळं चाललं असताना तो काय म्हणाला? “हे माझे मित्र आहेत. मासे त्यांनीच धरले. मी फक्त बोट चालवत होतो.” निघतानाचं ते वाक्य त्याने कशासाठी पेरून ठेवलं होतं, ते तेव्हा कळलं. परवाना नसला, मासा लहान निघाला, तर पहिलं उत्तर रॉड धरणाऱ्याला द्यावं लागतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

आम्हाला वाचवलं ते फोनमधल्या मेसेजेसनी. दर, आगाऊ रक्कम, “लायसन्स इन्क्लूडेड”, त्याने पाठवलेल्या पीडीएफ आणि ई-ट्रान्सफरची पावती, सगळं मी तिथेच उघडून दाखवलं. मासे जप्त झाले, आमचे जबाब घेतले, आणि आम्हाला लेखी समज देऊन सोडलं. त्याच्यावरची चौकशी वेगळी, तिची माहिती आम्हाला मिळत नाही. पैसे परत आले नाहीत. ई-ट्रान्सफर एकदा खात्यात जमा झाली की ती तुम्ही स्वखुशीने केलेली धरतात. बँकेने तेच सांगितलं. कॅनेडियन अँटी-फ्रॉड सेंटरकडे तक्रार नोंदवली आहे. जन्मतारखा आणि पत्ते त्याच्या हातात गेले असल्याने चौघांनीही क्रेडिट ब्युरोकडे (लोकांच्या कर्जांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेकडे) फसवणुकीची सूचना लावून घेतली. हे पैशांइतकंच महत्त्वाचं आहे आणि लोक हेच विसरतात.

एका कोहोचं एवढं काय, असं आमच्याच ओळखीतल्या एकाने विचारलं. 1990 च्या दशकात दक्षिण ब्रिटिश कोलंबियातला वाइल्ड कोहो इतका घटला की 1998 मध्ये सरकारला मासेमारीवर अतिशय कडक बंधनं घालावी लागली. फ्रेझर नदीच्या अनेक चिनूक कळपांची अवस्था वाईट आहे, म्हणून 2019 पासून वसंत आणि उन्हाळ्यात बऱ्याच ठिकाणी चिनूक ठेवायलाच बंदी असते. त्याच वर्षी फ्रेझरवर बिग बारजवळ दरड कोसळल्याचं लक्षात आलं आणि अंडी घालायला नदीत वर चढणाऱ्या माशांची वाटच अडली. या पाण्यातल्या सदर्न रेसिडेंट ऑर्का (किलर व्हेल) मुख्यतः चिनूकवर जगतात, आणि त्या स्वतः धोक्यात आलेल्या आहेत. हौशी मासेमारी टिकली आहे ती बहुतेक लोक पर बघतात, माप घेतात, मासा सोडतात म्हणून. मोजपट्टी कापणारा माणूस हे सगळं पोखरतो. आमच्या पैशांपेक्षा मला याची चीड जास्त आहे.

आता जाणाऱ्यांनी काय बघावं? परवाना स्वतः, खात्याच्या संकेतस्थळावरूनच काढा. नीट काम करणारे गाइड उलट तुम्हालाच लिंक पाठवून तो काढायला सांगतात आणि बोटीवर चढण्याआधी बघायला मागतात. त्या भागाचे ताजे नियम निघण्याच्या आदल्या रात्री वाचा, कारण ते हंगामाच्या मध्यातही नोटीस काढून बदलतात. बोटीची व्यावसायिक नोंदणी, चालकाचं प्रमाणपत्र आणि प्रवाशांचा विमा, हे तिन्ही आधी विचारा. सरळ माणूस यावर चिडत नाही. पैसे क्रेडिट कार्डने देता येतात का ते बघा. साधी शिंपीटेप खिशात ठेवा आणि मासा स्वतः मोजा. पर असलेला कोहो जाळ्यात दिसला तर जाळं वर यायच्या आधी मोठ्याने म्हणा, “वाइल्ड आहे, सोडा.” गाइड जाळं उचलायला घाई करत असेल तर फोनवर व्हिडिओ सुरू करा. आणि “मित्र आहोत म्हणा” हे शब्द कानावर आले तर बोटीत चढूच नका, आगाऊ रक्कम गेली तरी चालेल.

तीच जाहिरात गेल्या आठवड्यात वेगळ्या नावाने पुन्हा दिसली. तेच फोटो, मजकुरात तेच “लायसन्स इन्क्लूडेड”. मी स्क्रीनशॉट खात्याच्या ‘ऑब्झर्व्ह, रेकॉर्ड, रिपोर्ट’ या तक्रार लाइनला कळवून पाठवले आहेत. तुमच्याकडे अशा माणसाशी झालेले मेसेजेस, पावत्या किंवा त्याने दिलेला परवाना असेल तर काहीही पुसू नका. तारीख, रॅम्पचं नाव आणि बोटीवरचा क्रमांक लिहून तुम्हीही तिथे कळवा.